वस्तू खाली कशी पडते हे समजायला गॅलिलिओलाही २० वर्षं लागली होती

नववीला विज्ञानात गतीचा धडा येतो. वेग, त्वरण, गतीची तीन समीकरणं. पोरं समीकरणं पाठ करतात, आकडे घालतात, उत्तर काढतात आणि पैकीच्या पैकी मार्कही घेतात. पण त्याच पोरांना विचारा, एक किलोचा आणि दहा किलोचा दगड गच्चीवरून एकाच वेळी सोडला तर आधी कोणता पडेल? बरेच हात दहा किलोच्या बाजूने वर जातात.

पुढचा प्रश्न विचारा. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचं त्वरण किती? बरेच जण शून्य म्हणतात. दोन्ही उत्तरं चूक आहेत.

पण यात पोरं ढ आहेत असं काही नाही. गतीचं शास्त्र ज्याने उभं केलं तो गॅलिलिओ गॅलिलीसुद्धा याच रस्त्यावर अडखळला होता. एकदा नाही, निदान दोनदा. त्यातून तो बाहेर कसा आला आणि त्याची किंमत काय मोजली, त्याचीच ही गोष्ट.

डॉक्टर व्हायला गेला आणि गणितात अडकला

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ चा, इटलीतल्या पिसा शहरातला. वडील विन्चेन्झो हे ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवायचे आणि संगीताच्या सिद्धांतावर लिहायचे. तार किती ताणली की सूर किती चढतो, हे जुन्या ग्रंथात काय लिहिलंय ते न बघता ते स्वतः तारेला वजनं लावून तपासायचे. पोराने हे सगळं घरातच पाहिलं.

पण संगीतात पैसा नाही हे वडिलांना चांगलं माहीत होतं. म्हणून थोरल्या मुलाला त्यांनी पिसाच्या विद्यापीठात डॉक्टरकीला घातलं. तिथे गॅलिलिओला गणिताचा नाद लागला. तस्कनीच्या दरबारातले गणितज्ञ ओस्तिलिओ रिच्ची यांच्याकडून तो भूमिती शिकला आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच घरी परतला. आजच्या भाषेत सांगायचं तर मेडिकलचा ड्रॉपआउट.

चार वर्षांनी, १५८९ मध्ये, ज्या विद्यापीठातून तो पदवीशिवाय बाहेर पडला होता तिथेच त्याला गणित शिकवायची नोकरी मिळाली. पगार तुटपुंजा होता.

झुकत्या मनोऱ्याची गोष्ट खरी का?

त्या काळात गतीबद्दल शेवटचा शब्द ॲरिस्टॉटलचा होता. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रीक तत्त्वज्ञाचं म्हणणं साधारण असं, की जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते. दहापट जड असेल तर दहापट वेगाने. आणि कोणतीही वस्तू हलत राहायला हवी असेल तर तिला कोणीतरी ढकलत राहिलं पाहिजे.

ऐकायला दोन्ही पटतं. पान हळू पडतं, दगड धपकन पडतो. हातगाडी ढकलायची थांबवली की उभी राहते. रोजचा अनुभव ॲरिस्टॉटलच्या बाजूने बोलतो आणि पोरांची उत्तरं चुकतात ती इथेच.

मग गॅलिलिओ पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावर चढला, त्याने दोन गोळे सोडले आणि सगळे प्राध्यापक गार पडले, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पण ती आली कुठून? गॅलिलिओच्या म्हातारपणी त्याच्याजवळ राहिलेला शिष्य विन्चेन्झो व्हिव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून. ते छापून आलं १७१७ मध्ये. गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात पिसाच्या त्या जाहीर प्रयोगाचा उल्लेख सापडत नाही. म्हणून बरेच इतिहासकार ही गोष्ट जपूनच घेतात. शिवाय शिशाचे दोन गोळे वरून टाकून बघण्याचा प्रयोग सिमॉन स्टेव्हिनने नेदरलँड्समध्ये आधीच केला होता आणि १५८६ च्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलंही होतं.

गॅलिलिओचं खरं हत्यार होतं ते डोकं लावून विचारलेला एक प्रश्न. समजा, जड दगड वेगाने पडतो आणि हलका हळू. आता दोन्ही दगड दोरीने एकमेकांना बांधले. काय होईल? हलका दगड जड दगडाला मागे खेचेल, म्हणजे जोडीचा वेग एकट्या जड दगडापेक्षा कमी व्हायला हवा. पण दोन्ही मिळून वजन तर वाढलंय, म्हणजे वेग जास्त व्हायला हवा. एकाच वेळी कमी आणि जास्त? म्हणजे मूळ समजुतीतच घोळ आहे.

पहिली चूक

ॲरिस्टॉटल चुकला हे गॅलिलिओला कळलं होतं. पण बरोबर काय, हे अजून कळलं नव्हतं.

१५९० च्या सुमारास त्याने गतीवर एक हस्तलिखित तयार केलं. त्यात त्याने मांडलं की पडण्याचा वेग वजनावर नाही, तर वस्तूच्या घनतेवर ठरतो. म्हणजे लाकडाचा लहान-मोठा ठोकळा सारख्याच वेगाने पडेल, पण शिसं आणि लाकूड यांचा वेग वेगळा असेल. शिवाय पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो तो फक्त सुरुवातीला, नंतर ती एका ठरावीक वेगाने पडत राहते, असंही त्याला वाटत होतं.

आजच्या परीक्षेत हे लिहिलं तर भोपळा मिळेल. गॅलिलिओने ते हस्तलिखित छापलंच नाही, बाजूला ठेवून दिलं.

१५९१ मध्ये वडील गेले आणि घराची जबाबदारी थोरल्या मुलावर आली. बहिणीच्या हुंड्याचे पैसे भरायचे होते, धाकट्या भावाला सांभाळायचं होतं. पुढच्याच वर्षी तो व्हेनिस प्रजासत्ताकातल्या पादुआ विद्यापीठात गेला आणि तिथे १८ वर्षं राहिला. पगार पुरत नव्हता म्हणून त्याने खासगी शिकवण्या घेतल्या, घरात विद्यार्थी भाडेकरू ठेवले, मोजमापाचं एक उपकरण बनवून विकलं. मारिना गाम्बा या स्त्रीपासून त्याला दोन मुली आणि एक मुलगा झाला. त्यांचं लग्न मात्र झालं नाही.

या सगळ्या ओढाताणीत गतीवरचं काम चालूच होतं.

पडणं हळू केलं आणि मोजलं

अडचण अशी होती की वस्तू फार पटकन पडते. २० मीटर उंचीवरून सोडलेला दगड दोन सेकंदात जमिनीवर येतो. त्या काळी स्टॉपवॉच सोडा, सेकंद दाखवणारं धड घड्याळही नव्हतं. मग मोजायचं कसं?

गॅलिलिओने सरळ पडणं सोडलं आणि उतार घेतला. उतारावरून घरंगळणारी गोळी म्हणजे हळू केलेलं पडणंच. आज आपण मोबाइलवर स्लो मोशन लावतो, त्याने ते लाकडात केलं.

त्याने पुढे पुस्तकात दिलेलं वर्णन असं आहे. त्या काळच्या मापाने सुमारे १२ हात, म्हणजे आजचे साधारण सात मीटर लांब, अर्धा हात रुंद आणि तीन बोटं जाड लाकडी तुळई. तिच्या कडेवर सरळ खाच पाडलेली. घर्षण कमी व्हावं म्हणून खाचेत गुळगुळीत चर्मपत्र चिकटवलेलं. त्यातून सोडायची कांशाची घट्ट, गोल गोळी. वेळ मोजायला पाण्याचं मोठं भांडं, त्याच्या बुडाला बारीक नळी. गोळी सुटली की धार सुरू, गोळी पोहोचली की धार बंद. जमा झालेलं पाणी नाजूक तराजूवर तोलायचं. जितकं पाणी, तितका वेळ.

उतार बदलून, अंतर बदलून हे पुन्हा पुन्हा, तब्बल शंभर वेळा केलं असं तो सांगतो.

हाती आलं ते फार देखणं होतं. पहिल्या ठोक्यात गोळी जेवढं अंतर कापते ते एक धरलं, तर दुसऱ्या ठोक्यात ती तीन कापते, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. सगळ्या विषम संख्या. आता बेरीज करा. एका ठोक्याअखेर १, दोनच्या अखेर ४, तीनच्या अखेर ९, चारच्या अखेर १६. म्हणजे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. नववीच्या समीकरणात वेळेच्या डोक्यावर जो छोटा दोन बसलेला असतो, तो इथून आला.

विसाव्या शतकातही या प्रयोगावर शंका घेणारे होते. इतक्या साध्या साधनांनी इतकं नेमकं उत्तर येणं शक्यच नाही, असं अलेक्झांडर कॉयरे या इतिहासकाराचं मत होतं. मग १९६१ मध्ये थॉमस सेटल या अभ्यासकाने तसाच उतार आणि तसंच पाण्याचं घड्याळ तयार करून प्रयोग परत केला. उत्तर बरोबर आलं. पुढे स्टिलमन ड्रेक यांना फ्लॉरेन्समध्ये जपलेल्या गॅलिलिओच्या कागदांत प्रयोगांचे आकडेही सापडले. गॅलिलिओने वेळ मोजायला सुरुवातीला संगीताचा ठेका वापरला असावा, असा ड्रेक यांचा अंदाज होता. ल्यूट वाजवणाऱ्याच्या मुलाला ते जमलं असणार.

दुसरी चूक, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची

१६०४ मध्ये गॅलिलिओने व्हेनिसमधले मित्र पाओलो सार्पी यांना पत्र लिहून वर्गाचा हा नियम कळवला. नियम बरोबर होता. पण त्यामागचं कारण म्हणून जे दिलं ते चूक होतं. पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं त्याने धरलं होतं.

ही चूक कोणीही करेल अशीच आहे. जितक्या उंचावरून पडणार तितका वेग जास्त, हे तर दिसतंच. मग दुप्पट उंचीला दुप्पट वेग, असंच मनात येतं.

पण आकडे घालून बघा. पाच मीटरवरून सोडलेला दगड साधारण एका सेकंदात पडतो आणि जमिनीजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर असतो. २० मीटरवरून सोडला तर दोन सेकंद लागतात आणि वेग होतो सेकंदाला सुमारे २० मीटर. उंची चौपट झाली, पण वेग दुप्पटच झाला. वाढला तो वेळेच्या हिशोबाने.

गॅलिलिओला हे नीट उमगायला आणखी काही वर्षं गेली. १६०९ च्या आसपास त्याची मांडणी रुळावर आली होती. वेग अंतराने नाही, वेळेने वाढतो. दर सेकंदाला सारखीच भर. या सारख्या भरीलाच आपण त्वरण म्हणतो, आणि पृथ्वीवर ते सेकंदामागे सेकंदाला ९.८ मीटर इतकं असतं.

हे पक्कं झालं की वर फेकलेल्या चेंडूचं कोडं आपोआप सुटतं. वर जाताना दर सेकंदाला वेगातून ९.८ वजा होतात, खाली येताना तेवढेच जमा होतात. वरच्या टोकाला वेग शून्य होतो, पण वजाबाकी थांबलेली नसते. तिथेही त्वरण ९.८ च असतं, खालच्या दिशेला. ते शून्य झालं असतं तर चेंडू हवेतच लटकून राहिला असता.

त्याच उतारांनी दुसरी गाठही सोडवली. एका उतारावरून आलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत चढते. चढ जितका कमी, तितकी ती लांब जाते. मग चढच नसेल तर? अडवणारं काही नसेल, तर ती जातच राहील. म्हणजे हलत राहायला ढकलावं लागत नाही, थांबवायला मात्र काहीतरी लागतं. कॅरमवर पावडर टाकली की स्ट्रायकर लांब का जातो, याचं उत्तर हेच. हातगाडी थांबते ती घर्षणामुळे.

आकाशाने ओढून नेलं

१६०९ मध्ये गॅलिलिओच्या हातात दुर्बीण आली आणि गतीचे कागद कपाटात गेले. चंद्रावरचे डोंगर, गुरूचे चार चंद्र, यांवर १६१० मध्ये आलेल्या त्याच्या छोट्या पुस्तकाने युरोपात खळबळ उडवली. तो फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या दरबारात गेला. मोठा पगार, मोठं नाव.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचं मत तो आता उघडपणे मांडू लागला. विरोधकांचा एक प्रश्न बिनतोड वाटायचा. पृथ्वी एवढ्या वेगाने फिरत असेल, तर वर फेकलेला दगड मागे कसा पडत नाही?

याचं उत्तर पुन्हा गतीतच होतं. १६३२ च्या 'दोन विश्वव्यवस्थांविषयीचा संवाद' या पुस्तकात त्याने वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेलं. सोबत फुलपाखरं, भांड्यात मासे, वर टांगलेली थेंब-थेंब गळणारी बाटली. जहाज थांबलेलं असो वा एकसारख्या वेगाने चाललेलं, थेंब खालच्या भांड्यातच पडतो आणि फुलपाखरं सगळीकडे सारखीच उडतात. आतल्या माणसाला जहाज हलतंय की नाही ते सांगता येत नाही. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या रेल्वेच्या डब्यात नाणं उडवून बघा, ते परत हातातच येतं. नाण्यालाही गाडीचा वेग मिळालेला असतो.

पण चर्चने १६१६ मध्येच त्याला या विषयावर ताकीद दिली होती. त्यात या पुस्तकात पोपच्या आवडत्या मुद्द्याची वकिली भोळसट सिम्प्लिचिओच्या तोंडी आली. पोप आठवे अर्बन हे एके काळी गॅलिलिओचे चाहते होते, ते भडकले. रोममध्ये खटला चालला. २२ जून १६३३ रोजी ६९ वर्षांच्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत चूक असल्याचं जाहीर करावं लागलं. पुस्तकावर बंदी आली आणि त्याला मरेपर्यंत नजरकैद झाली.

नजरकैदेत लिहिलेलं गतीचं पुस्तक

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गॅलिलिओने २५ वर्षं मागे पडलेले गतीचे कागद पुन्हा बाहेर काढले.

सुरुवातीला त्याला सिएनाच्या आर्चबिशपांकडे ठेवलं होतं, तिथेच हे काम पुन्हा सुरू झालं. १६३३ च्या डिसेंबरात त्याला फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावातल्या घरी जाऊ दिलं. जवळच्याच मठात थोरली मुलगी मारिया चेलेस्ते जोगीण होती. वडिलांना नियमाने पत्रं लिहिणारी, त्यांच्या तब्येतीची आणि कपड्यांची काळजी घेणारी. ते परतल्यावर चार महिनेही झाले नाहीत, तोच २ एप्रिल १६३४ ला ती वारली. वय फक्त ३३. गॅलिलिओ पार खचला. तरी लिहीत राहिला.

पुस्तक तयार झालं, पण छापणार कोण? त्याचं काहीही छापायला चर्चची मनाई होती. शेवटी हस्तलिखित इटलीबाहेर गेलं आणि १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात एल्झेव्हिर या प्रकाशकाने ते छापलं. आपण तर हस्तलिखित एका फ्रेंच सरदाराला फक्त वाचायला दिलं होतं, ते छापलं कसं गेलं कोण जाणे, असा आव गॅलिलिओने प्रस्तावनेत आणला.

'दोन नव्या शास्त्रांविषयीचे संवाद' हेच ते पुस्तक. उताराचा प्रयोग, बांधलेले दगड, वेळेचा वर्ग, तोफगोळ्याचा वक्र मार्ग, सगळं यात आहे. सिद्धांत लॅटिनमध्ये असले तरी चर्चा लोकांच्या बोलीत, इटालियनमध्ये आहे. तीन मित्र चार दिवस गप्पा मारतात, एक जण शंका काढतो, दुसरा समजावतो. वेग अंतराने वाढतो ही स्वतःची जुनी चूकही गॅलिलिओने यात लपवली नाही. एका पात्राला ती करू दिली आणि ती कशी सुटते ते दाखवलं.

पुस्तक छापून आलं तोवर त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. स्वतःचं पुस्तक त्याला वाचता आलं नाही. शेवटच्या काळात तरुण व्हिव्हियानी आणि पुढे हवेचा दाब मोजणारा टॉरिचेली त्याच्याजवळ होते. ८ जानेवारी १६४२ रोजी तो गेला. फ्लॉरेन्समध्ये त्याचं भव्य स्मारक करायचं होतं, पण पोपच्या नाराजीमुळे त्याला चर्चमधल्या एका बाजूच्या खोलीत पुरलं. आजची मोठी समाधी झाली ती १७३७ मध्ये.

गॅलिलिओने सगळंच सोडवलं असं नाही. भरती-ओहोटीबद्दलचं त्याचं मत चुकलं. वस्तू का पडते हे त्याने सांगितलं नाही, कशी पडते एवढंच मोजलं. बल आणि त्वरण यांचं नातं न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं. पण त्याच्या हाती आलेला पाया गॅलिलिओने रचलेला होता.

१९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडलं. चंद्रावर हवा नाही. दोन्ही एकत्र जमिनीला टेकले. पान हळू पडतं ते हवेमुळे, वजन कमी म्हणून नाही, हे जगाने टीव्हीवर पाहिलं. तो व्हिडिओ आजही सहज सापडतो.

आणि ज्याला समीकरण पाठ आहे पण पटत नाही, त्याने एवढं करावं. एक लांब सरळ पन्हळ किंवा खाच असलेली पट्टी घ्यावी, एका बाजूने जरा उचलावी. वरच्या टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर खुणा कराव्यात. गोटी सोडावी आणि मोबाइलवर शूट करून हळू चालवून बघावं. खुणांमधलं अंतर वाढत जातं, तरी प्रत्येक खूण ओलांडायला गोटीला सारखाच वेळ लागतो. पहिल्यांदा जमलं नाही तर उतार बदलून परत करावं. गॅलिलिओने शंभर वेळा केलं होतं.